किसनकाकांचा फोन बंद आहे

आदरणीय किसनकाका यांस,

तिरुपूरहून नागसेनचा सविनय जयभीम. मी इथं धडधाकट आहे. तुमीही असाल असं धरून चालतो, कारण विचारायची सोय नाही. निकाल लागला त्या दिवसापासून तुमचा फोन बंद आहे, आज नववा दिवस. म्हणून कागद घेतला. या आधीचं पत्र मी सातवीत हेडमास्तरले लिहिलं होतं, आजी वारली म्हणून रजा द्या असं (आजी तेव्हा बडनेऱ्याच्या बाजारात वांगे निवडून राहिली होती). तं अक्षराले हसू नका.

तुमची सरपंचकी गेली त्याचं गावाले काय वाटलं, ते तुमच्या तोंडावर कोणी सांगणार नाही. मी दूर आहे, मी सांगतो. सारे व्हिडिओ माझ्या मोबाइलवर आले. आशाबाई, जिले तुमी घरकुल देलं, ते निवडून आलेल्या योगेशच्या डीजेपुढं चपला हातात घेऊन नाचली. नत्थुजीनं तुमच्यासाठी आणलेला हार योगेशच्या गळ्यात घातला (फुलं सुकून जातीन म्हणे). पारावर एकच बोलणं, किसनरावाची पंधरा वर्षांची कामं सारी कागदावर. एकटी पार्बताबाई म्हणाली, "खोटं बोले बापा, पण बसवून, चहा पाजून बोले. हा योगेश उभ्या उभ्या खरं सांगते." मले ते पटलं. काहून, ते पुढं येते.

आता इथलं ऐका. मी बनियनच्या कारखान्यात शिलाईच्या लाइनीत असतो. त्या दिवशी सकाळी कोणीतरी ग्रुपवर टाकलं, काका पहिल्या वॉर्डात चाळीसनं पुढं. मले धीर नाही, हे तुमाले माहीत आहे. साऱ्या लाइनीले जिलेबी वाटली. ओडिशाचे, बिहारचे, इथले, साऱ्याइले वाटलं माझं लग्न ठरलं. जिलेबीचे हात धुवायच्या आत तुमी अकरा मतांनी पडले. मी कापडाच्या गठ्ठ्यावर बसलो तो उठलोच नाही.

खोलीत माझ्या खाटेजवळच्या भिंतीले तुमचं प्रचाराचं हँडबिल चिकटवलं आहे, हात जोडलेलं, कपाळाले गंध. संध्याकाळी पोरांनी माझं तोंड पाहिलं, मग तुमचा फोटो पाहिला. खानावळीतल्या बाईनं मोगऱ्याचा गजरा आणून तुमाले घातला. एकानं अगरबत्ती लावली. मी खरं सांगायले तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात सुपरवायझर, ज्याले दोन वर्षांत माझं नाव घेता आलं नाही, तो बाजूले येऊन बसला अन त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. अकोल्याचा ललित होता तोवर मराठीत भांडायले तरी कोणी होतं. तो दिवाळीत काम सोडून गावी गेला, तेव्हापासून पाठीले कोणाचा हात लागला नव्हता. बोललो तं हात निघून जाईन, म्हणून गप्प राहिलो. काका, तेव्हा तुमी वारले ते वारलेच. तीन दिवसांची रजा भेटली. (मतदानाले यायले एक दिवस मागितला होता, तो नाही भेटला. इथं कोणी मेल्याशिवाय सुटी नाही. अकरा मतांतलं एक माझंही होतं, हे मनाले लागून राहिलं आहे.)

रजेचं काय करावं समजेना. पडल्या पडल्या तुमच्या फोटोकडे पाहत होतो, तुमी गजरा घालून माझ्याकडे. मग रविवार आला. रविवारी दहाले मी तुमाले फोन करतो, आमच्या घरच्या नळाची तक्रार सांगतो, तुमी जाऊन पाहता, हा आपला नेम. माय गेली तेव्हापासून घराले कुलूप आहे, पण माझी तक्रार चालू आहे. तुमचा फोन लागेना, म्हणून नव्या सरपंचाले लावला. योगेश म्हणे, "अबे नागसेन, कोणता नळ? रस्ता रुंद केला तेव्हाच तं उपटला. दोन वर्षं झाले. अन बंद घराले पाणी कशाले पाहिजे?"

फोन ठेवून मी आठवत बसलो. दोन वर्षं दर रविवारी तुमी सांगत आले, वायसर बदलला, धार मनगटाएवढी येते, तुझ्या मायनं लावलेल्या पेरूलेही दोन बादल्या टाकल्या. पेरूही रस्त्यात गेला असंन. योगेशले विचारलं नाही.

गाव म्हणते ते खरं आहे, काका, तुमची कामं कागदावर. माझं तं कागदावरही नव्हतं, नुसतं फोनवर. पण तेवढ्यावर माझा आठवडा निघत होता.

मोठ्याइले जयभीम, लहान्याइले पापा, योगेशले काही नाही.

तुमचा,
नागसेन

ता.क. सुपरवायझरनं दुखवट्यासाठी घरचा नंबर मागितला. मले दुसरा नंबर पाठ नाही, तुमचाच देला. मोडक्या हिंदीत कोणी रडका आवाज काढला तं तुमी बोलू नका, काकूले द्या.

आणखी ता.क. पण त्यासाठी फोन चालू पाहिजे. हे पत्र भेटल्यावर जो रविवार येईन, त्या रविवारी दहाले मी लावतो. नळाची धार पुन्हा बारीक झाली आहे. तेवढं जाऊन पाहता काय.