पोळपाटानं थांबलेलं इंजिन

मामंजी, परवा नात घरी आली होती. इंजिनिअरिंगला आहे, केस मुलासारखे बारीक कापलेत, तुम्ही बघितलं असतंत तर तोंड फिरवून हसला असता. ती सांगत होती की आता जुन्या गाड्यांतलं इंजिन उपसून काढतात आणि बॅटरीवरची मोटार बसवतात. बाहेरून गाडी तीच, आत सगळं नवं. वर मला म्हणते, आजी, तुला काय कळणार म्हणा यातलं! अगं बाई, म्हटलं, बस इथं. आणि तिला तुमच्या गाडीची गोष्ट सांगितली, पोळपाटासकट. सांगताना आजही माझा आवाज चढतो, हात आपोआप हलायला लागतात. ती टाळ्या पिटत गेली. ती गेल्यावर मी पोळ्या करायला बसले आणि लाटणं पुढं जाईना. कारण ही गोष्ट मी पन्नास वर्षं एक तुकडा गाळून सांगत आले आहे, आणि तो तुकडा तुमचा आहे.

तुमची ती मोरपंखी रंगाची लांबलचक अमेरिकन गाडी! कुणा डॉक्टरांकडून घेतलीत तेव्हा म्हणे तिच्या बॉनेटखाली चिमण्यांचं घरटं होतं. लष्कराच्या वर्कशॉपात पेट्रोलच्या इंजिनांशी उभा जन्म काढलेला माणूस तुम्ही, महिन्याभरात तिला रस्त्यावर आणलंत. नगरच्या आसपासचे किती नवरदेव तिच्यात बसून मांडवाला गेले असतील! मीसुद्धा राहुरीकडच्या माझ्या माहेराहून तिच्यातच बसून या घरात आले, आणि वाटेत दोनदा थांबून तुम्ही तिला पेट्रोल पाजलंत. माझे वडील मागून म्हणाले होते, ही गाडी न्हाई, रांजण हाय. पुढं दुष्काळ पडला, लग्नं साधी झाली, आणि दुष्काळ सरतो न सरतो तोच पेट्रोल असं भडकलं की गाडी दारातच बसली. कोंबड्या तिच्या मागच्या सीटवर अंडी घालायला लागल्या. तेव्हा तुमच्या चिरंजीवांनी निर्वाणीचं सांगितलं, पाडव्याला गाडी आपल्या पायांनी वेशीपर्यंत जाऊन आली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल. तुम्ही ताटावरून उठलात. चार दिवसांनी बैलगाडीत घालून एक डिझेलचं इंजिन आणलंत, अपघातात चेपलेल्या टेम्पोतलं, नवंकोरं म्हणावं असं.

सावेडी तेव्हा नगरच्या बाहेरचं रान होतं. आपल्या अंगणात कडुनिंबाच्या फांदीला साखळी बांधून तुम्ही जुनं इंजिन उचललंत आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिले. बघण्यापलीकडं मला काय करता येणार? डोक्यावरून पदर, आणि सुनेशी सासऱ्यानं थेट बोलायचं नाही ही तुमच्या घरची रीत. चहा हवा असला तरी तुम्ही भिंतीला सांगायचात, चहा मिळंल का म्हनावं. आणि मी तर विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या आवाजात वाढलेली पोर. इंजिनात तेल किती उरलंय ते दाखवणारी काडी ओढून बघितल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही, हे वडिलांनी मला बाराखडीबरोबर शिकवलेलं. पेट्रोलवाल्या तुम्हाला डिझेल नवीन होतं आणि मला ते घरचं होतं. खिडकीत उभी राहून माझे हात नुसते शिवशिवायचे.

नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जुळेना. मध्ये लोखंडाची जाड चकती घालायची, तर तिला भोकं नेमकी कुठं पाडायची? तुम्ही सासूबाईंकडं कुंकवाचा करंडा मागितलात. त्या अशा काही दचकल्या म्हणता! तुम्ही मात्र इंजिनाच्या तोंडाला कुंकू फासलंत, त्यावर जुन्या कॅलेंडरची पाठ दाबलीत, आणि कागदावर सगळी भोकं लालेलाल उमटली. तो कागद घेऊन लेथवाल्याकडं निघालात तेव्हा चालण्यात काय ऐट होती! करंड्यात कुंकू उरलं नव्हतं. सासूबाई दिवसभर पुटपुटत होत्या आणि मी पदरात तोंड लपवून हसत होते. इंजिन जड, त्यामुळं गाडीनं नव्या नवरीसारखी मान खाली घातली. तुम्ही स्प्रिंगांखाली रबराचे ठोकळे घातलेत. मग बॉनेट लागेना, म्हणून इंजिन मागं कलतं बसवलंत, तोंड वर करून. तरीही हवेच्या फिल्टरला जागा उरली नाही. तो पाडव्यानंतर बघू, असं ठरलं.

पाडवा उजाडला. गुढी उभी राहिली, गाडीला झेंडूचा हार घातला, शेजारपाजार गोळा झाला. तुम्ही किल्ली फिरवलीत आणि धडधड करत इंजिन लागलं! माझ्या माहेरच्या विहिरीचा आवाज, तुमच्या अंगणात. मी पुरणाची पोळी लाटता लाटता पोळपाट हातात घेऊनच दाराशी आले. गाडी वेशीपर्यंत गेली, वळली, परत आली. हे खाली उतरले ते हसतच. मी लग्नानंतर त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघितलं. तुम्ही गाडी अंगणात उभी केलीत आणि लोकांना ऐकवायला बॉनेट उघडून इंजिन तसंच चालू ठेवलंत.

आणि मग ते आपणहून वाढायला लागलं. कुणी पायही लावला नव्हता. धडधडीची घरघर झाली, घरघरीची किंकाळी. मागून निळा धूर असा सुटला की गुढी दिसेना. तुम्ही किल्ली काढून हातात घेतलीत तरी इंजिन चालूच. बंद करायची तार ओढलीत, तरी चालूच. लोक मागं पळाले. ह्यांनी तुमचा दंड धरून तुम्हाला ओढलं, पण तुम्ही हलेनात. तुमचा चेहरा मी बघितला, मामंजी. आणखी थोडा वेळ गेला असता तर ते इंजिन स्वतःच्या हातानं मेलं असतं, आणि त्याबरोबर गाडी, आणि तुमचं उभं आयुष्य.

मला ठाऊक होतं ते काय आहे. विहिरीवर एकदा असंच झालं होतं. तेल आत ओढलं गेलं की इंजिन तेच जाळून पळत सुटतं, त्याला ना किल्ली लागते ना डिझेल. थांबवायचं तर त्याचा श्वास कोंडायचा. मी धावले. पदर कुठं पडला कुणास ठाऊक. हातात पोळपाट होता आणि त्यावर लाटलेली पोळी तशीच. हवा ओढायचं वाटीएवढं तोंड उघडं होतं, त्यावर पोळीसकट पोळपाट उपडा दाबला. आतून कुणीतरी तो ओढून घेतल्यासारखा चिकटला. इंजिन तीनदा खोकलं आणि गप्प झालं. इतकं गप्प, की गुढीवरचा गडू काठीवर वाजत होता तो ऐकू आला.

मी उघड्या डोक्यानं सासऱ्यासमोर उभी! सासूबाई तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. तुम्ही गाडीखाली गेलात, तेल घमेल्यात सोडलंत, तुमच्या पितळी मापानं मोजलंत. मग बाहेर आलात आणि भिंतीकडं न बघता माझ्याकडं बघितलंत.

"सूनबाई, हिकडं ये," तुम्ही म्हणालात. "दोन मापं जास्त निघालं, तेच आत वढलं गेलं. ही काडी खोटं बोलती, इंजिन कलतं बसवलंय म्हनून. मी मापानंच वततो, तरी आज जास्त पडलं. हात चुकला माझा. वय झालं." आणि तेलाचा डबा माझ्यापुढं केलात. "हितनं पुढं तेल तू बघायचं."

आता तो तुकडा. पाडव्याला पहाटे रांगोळी काढायला मी अंगणात आले होते. बॉनेट उघडं होतं, अंगणात कुणी नव्हतं. राहवलं नाही, काडी ओढून बघितली. तेल खुणेच्या कितीतरी खाली. काडीकडं बघू नका, तेल मापानं घातलंय, हे तुम्ही ह्यांना सांगितलं होतं म्हणे, मागाहून कळलं. मला कोण सांगणार? आणि मी तरी तुम्हाला कशी विचारणार? आमच्या विहिरीवरचं इंजिन सिमेंटच्या ओट्यावर सरळ बसलेलं, काडी कधी खोटं बोलते हे मला माहीत नव्हतं. शेडमधून डबा आणला आणि तुमच्याच मापानं दोन मापं ओतली. वर देवाला हात जोडले.

तुम्ही डबा पुढं केलात तेव्हाच मला सगळं कळलं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तुम्ही पहिल्यांदा माझ्याशी बोलत होतात, मामंजी, सगळ्या शेजाराच्या देखत. ते मोडायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचं सगळं त्या डब्यातून आलं. तुम्ही इंजिनातून चिकटलेलं पुरण खरवडलंत आणि सासूबाईंना म्हणालात, लई गोड इंजिन हाय. मला गाडी शिकवलीत, शेजारी बसून ती माझ्या हातानं राहुरीपर्यंत नेऊन आणलीत, मी दोन ट्रकांना मागं टाकलं तेव्हा मांडीवर थाप मारलीत. काय ते दिवस होते! पण तेलाला तुम्ही पुन्हा हात लावला नाहीत. मी ओतायची आणि तुम्ही आपल्या तळहाताकडं बघत उभे राहायचात. शेवटच्या आजारपणात औषधाचा चमचासुद्धा स्वतः भरला नाहीत. डॉक्टरांना म्हणालात, माझा हात चुकतो, त्या पाडव्यापासनं. मी चमचा भरला आणि गप्प राहिले.

हे पत्र पोळपाटाखाली ठेवते, त्याच्यावर अजून वाटीएवढा काळा गोल आहे. नातीला पुढच्या खेपेला पूर्ण गोष्ट सांगेन म्हणते, जमेल की नाही ठाऊक नाही. पण तुम्हाला आधी. तेल मी ओतलं होतं, मामंजी. तुमचा हात कधीच चुकला नव्हता.