नागाने घेतलेली बोटं

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी तुम्हाला माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच आशा लावून बसणार नाही.

संत तुकाराम नगरातल्या आपल्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली, पिठाच्या डब्याला लागून तुमची नागाची पेटी असायची. आठवडाभर कंपनीत पत्रा कापायची प्रेस चालवायची आणि सुट्टीला शाळाशाळांतून सर्पमित्र म्हणून मिरवायचं. मुख्याध्यापक तुम्हाला शाल-नारळ द्यायचे. आदल्या संध्याकाळी आईच्या पोळपाटाशेजारी बसून तुम्ही पक्कडीने त्या नागाचे विषाचे दात उपटायचात, हे त्यांना कुठे माहीत होतं? मी सात-आठ वर्षांची, दारात उभी आहे. नागाचं तोंड सुजलंय, पुढे टाकलेल्या बेडकाकडे तो बघतसुद्धा नाही. मी विचारते, "अण्णा, हा काही खात का नाही?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "बाहेर कुठं बोललीस तर याद राख." पंधरा दिवसांत तो मेला. तुम्ही दुसरा आणलात. आईने पोळपाट तेवढा नवीन आणला.

आता मी जखमी वन्यप्राण्यांच्या एका केंद्रात काम करते. प्राण्यांवर उपचार डॉक्टर करतात. माझं काम माणसांना समजावण्याचं. साप दिसला तर लांब थांबा, नजर ठेवा, आम्हाला फोन करा, एवढंच सांगायचं असतं, आणि एवढंच कुणाला ऐकायचं नसतं. गेल्या महिन्यात चाकणच्या एका कंपनीने बोलावलं. तिथे साप निघाला की फावड्याने ठेचत. दारातच साहेबाचं तोंड उतरलं.

"मॅडम, साप नाही आणला?"

"जिवंत साप असा दाखवणं गुन्हा आहे."

"अहो, छोटासा चालला असता. फोटो तरी झाले असते."

त्याच्या चेहऱ्यावर मला तुमचेच प्रेक्षक दिसले. टाळी वाजवायला आलेले, शिकायला नव्हे. असली माणसं तुमच्यासारख्यांनीच तयार केली, अण्णा.

कँटीनमध्ये पहिली शिफ्ट संपवून आलेले कामगार बसले होते. निम्मे मोबाइलमध्ये. मी पडद्यावर घोणस दाखवली, नाग दाखवला, धामण दाखवली. मागून एक जण म्हणाला, "मॅडम, पायाशी आल्यावर मारायचा का तुमचा नंबर शोधत बसायचं?" सगळे हसले. साहेबही हसला. मला त्या सगळ्यांचाच वीट आला होता.

तेवढ्यात फोर्कलिफ्ट चालवणारे एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. "मी हितलाच, राजगुरुनगरकडचा," ते म्हणाले. "आमी शाळंत असताना एक माणूस नाग घेऊन आलता. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं न्हवती. म्हणाला, ही नागानं घेतली, पण मी काय त्याला मारला न्हाई, चूक माझीच व्हती. मग त्यानं नाग माझ्या गळ्यात घातला. आजपातुर मी साप मारल्याला न्हाई. ज्याची बोटं गेली त्यानं सोडला, आन् माझं तर काय बी गेलं न्हाई."

 मोबाइल खाली आले. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच ठेवला. ती बोटं प्रेसने घेतली होती, अण्णा. लवकर माल निघावा म्हणून तुम्ही हात आत जाऊ नये म्हणून लावलेला मशीनचा गार्ड काढून ठेवला होता आणि हॉस्पिटलातून आल्यावर आठ दिवस भिंतीकडे तोंड करून निजला होतात. त्या लाजेचीसुद्धा तुम्ही गोष्ट करून विकलीत. आणि ज्या नागाने या माणसाला आयुष्यभराची दया शिकवली, तो त्याच्या गळ्यात असताना तोंड सडून मरत होता. मला हे सगळं तिथेच ओरडून सांगायचं होतं. मी फक्त म्हणाले, "काका, बसा."

दहा दिवसांनी त्याच कंपनीतून फोन आला. गोदामातल्या लाकडी पॅलेटमागे नाग होता. आम्ही ट्रॅफिकमधून पोहोचेपर्यंत दीड तास गेला, तोवर त्या कामगारांनी दोरी बांधून सगळ्यांना लांब ठेवलं होतं. फावडं भिंतीला टेकवलेलं होतं. "मारायचा का" म्हणून मागून विचारणारा तोच दोरीपाशी पहारा देत होता. साप धडधाकट होता. वनखात्याला कळवून संध्याकाळी सोडला. मी इतकी वर्षं खरं बोलून जे करू शकले नाही, ते तुमच्या थापेने दहा दिवसांत केलं. याबद्दलही मी तुम्हाला माफ करणार नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही ते चार लोकांना वाचून दाखवलं असतं. पण एक सांगायचं राहिलंय. काल चिखलीच्या शाळेत कार्यक्रम होता. मीच त्या काकांना फोन करून सोबत नेलं. त्यांनी गोष्ट सांगितली. पुढे बसलेली एक मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, खरंच नागाने बोटं घेतली?"

मी हो म्हणाले.