पेटीच्या कोपऱ्यातली कणीक

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. तुझा पटाशी लागलेला अंगठा भरला का? वहिनीची कंबर कशी आहे? आम्ही बरे आहोत असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू.

मी ज्यांच्याकडे कामाला जाते त्या म्हाताऱ्या बाई बहिणीकडे गेल्यात, शुक्रवारी येतील. त्यांच्या आरशाखाली एक लाकडाची पेटी आहे, फ्रान्सची, त्यांच्या सासूच्याही आधीची. काळं लाकूड, वर पितळेची वेल, शिंपल्याची फुलं, आत जांभळं रेशीम. (आणि एवढ्या थाटात राहतं कोण? तर हातमोजे! आम्ही चार माणसं एका खोलीत.) छकुलीला कामावर आणायला बाई एकाच अटीवर हो म्हणाल्या होत्या, कशाला हात लावायचा नाही. दादा, तिने हात लावला नाही. तोंड लावलं. मी पुसायला पेटी चटईवर ठेवली, फडकं पिळून येईपर्यंत नव्या दोन दातांनी कोपरा कुरतडून मोकळी. आधी तिच्या तोंडात बोट घालून सगळं काढलं, पॉलिश विषारी असेल म्हणून दिवसभर तिच्याकडे बघत बसले. तिला काही झालं नाही, उलट दोनदा जास्त जेवली. मग पेटीकडे बघून रडले. हे काम गेलं तर पोरीसकट मला दारात कोण उभं करणार?

मग तू आठवलास. माझी कणीक म्हणजे लाकूड, असं चिडवायचास ना? तीच मळली, चहाने काळी केली आणि कोपऱ्यात भरली. वाळल्यावर हुबेहूब दिसली, देवाशपथ. सकाळी बघते तर मुंग्यांची रांग, थेट हातमोज्यांपर्यंत. (चहात साखर होती, हे नंतर लक्षात आलं.)

पत्र दूधवाल्याच्या हाती देते. शुक्रवारच्या आत ये आणि बाईंना सांग, हे उंदराचं काम आहे. तू सुतार, तुझं ऐकतील.

तुझी घाबरलेली बहीण

ता.क. दूधवाला यायच्या आधी बाईच आल्या, एक दिवस अगोदर. मी उंदीर म्हणाले. त्या कणकेच्या कडेला उरलेल्या खुणा बघून म्हणाल्या, "दोनच दातांचा?" मग पेटी फिरवून मागचा कोपरा दाखवला. तिथेही दातांच्या खुणा, त्यांच्या मुलाच्या. त्याचे आता केस पिकलेत. म्हणाल्या, "दातांचं राहू दे गं. कणकेला मात्र माफी नाही."

आणखी एक. छकुलीला उद्या आणायला सांगितलंय. पण तू ये नक्की, पटाशी घेऊन. कणीक काढायला आम्ही दोघी बसलो, तर बाईंची सुरी मोडली. तू म्हणायचास ते खरंच होतं.