तिघांचं एकमत

अनिता,

तू ड्युटीवरून येशील तवा मी गेलेली असेन. दादा गाडी घेऊन आलाय, मला गावी कवठ्याला न्यायला.

काल पुण्यात हाडांचे, नसांचे आन् व्यायामाचे असे तिन्ही डॉक्टर माझा एमआरआय घेऊन एकत्र बसले. आजवर ज्यानं त्यानं वेगळंच सांगितलं. तवा बरं होतं, कुणाचं तरी चुकत असंल असं वाटायचं. काल तिघं एकच बोलले. मणक्याचं ऑपरेशन केलं तर हाय तेवढं टिकंल, पण डाव्या पायाची गेलेली ताकद परत यायची न्हाई.

"मग कंपनीत लाईनवर उभं राहायचं काम?" मी विचारलं.

त्यातल्या नसांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नीलम, ते आता विसर."

कुकरमध्ये भात हाय. माझं कंपनीचं कार्ड सुपरवायझरला दे. खोलीत दुसरी मुलगी बघ, पण जिन्यात हात धरावा लागंल अशी नको.

दोन-चार दिवस फोन करू नको. आईला मी सुट्टीला येतीय एवढंच सांगितलंय. मी येणार म्हणून तिनं कांदा काढायला यंदा दुसरी बाई लावली न्हाई.

नीलम