दांडी मी धरली

आबा, सुप्याच्या रानात तुम्ही पाणाड्याच्या डोळ्यांवर तुमचा टॉवेल बांधलात, ती सकाळ आज सारखी आठवते आहे. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो बांधाबांधानं चालतोय. नारळ उभा राहील तिथं बोअर घ्यायचं. उघड्या डोळ्यांनी चालला तेव्हा नारळ बाभळीजवळ उभा राहिला होता. डोळे बांधल्यावर पार गोठ्याकडे. "आबा, तुमच्या मनात शंका हाय, म्हणून पाणी लाजतंय," तो म्हणाला. "लाजू दे की," तुम्ही म्हणालात, "पण दोन्ही येळेला एकाच जागी लाजू दे." मी हसत सुटले. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि मला हळूच म्हणालात, "हितं पाणी न्हाय असं मी म्हणत न्हाय. त्याला ठावं न्हाय, एवढंच कळलं." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर प्रयोगाची व्याख्या पाठ करून घेत; अर्थ मला त्या बांधावर कळला.

आता हसू येत नाही. तुमच्या जावयांनी इन्सुलिन बंद केलंय. जळोचीत एक शिबिर भरतं. मुठीत धातूची दांडी धरायची, की कॉम्प्युटर सगळ्या शरीराचा अहवाल देतो. शुगर मुळातून जाईल म्हणून औषधाच्या पुड्याही मिळाल्या. पायाची जखम मात्र कडेनं काळी पडते आहे. पट्टी मी बदलते, आणि हे म्हणतात, "आतली घाण बाहेर पडतीय."

आज फेरतपासणी होती. ह्यांची नोंद झाली आणि फोन आला म्हणून हे बाहेर गेले. दांडी मी धरली. समोरची मुलगी स्क्रीनकडेच बघत होती. अहवाल आला: प्रोस्टेट वाढलेलं. घरी येऊन तो ह्यांच्यापुढं ठेवला.

"तू शंका घेऊन धरलीस, म्हणून तसं आलं."

"शंकेनं बाईला प्रोस्टेट येतं व्हय?"

हे हसले. मग पट्टीची कड उचलून पाय बघितला. "उद्या लेक येतीय इंदापूरहून. तिच्यासंगं जाऊ डॉक्टरकडं," म्हणाले. मला उद्याचा दिवससुद्धा फार लांब वाटतो आहे, आबा.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठं टाकणार? पण मनातलं नीट लावून ठेवते. आजचा अहवाल लेकीला. रक्ताचे जुने रिपोर्ट डॉक्टरांना, आणि किती दिवस इंजेक्शन चुकलं तेही, काही न लपवता. फ्रिजमधलं इन्सुलिन ह्यांना, डॉक्टर सांगतील तसं. पुड्या कुणालाच नाहीत.

एक पुडी मात्र मी पिठाच्या डब्यामागं ठेवली आहे. टाकायला हात धजत नाही.