‘शे’ खोडायचं नाही

सोम. ८ डिसेंबर
धुळ्याहून बसने अर्धा तास. चौथीचा वर्ग. चौधरीबाईंचं शिकवणं मागे बसून बघायचं, मग कॉलेजच्या सरांसमोर माझा पाठ. त्यात नापास झाले तर डी.एड.चं वर्ष गेलं.
बाईंनी फळ्यावर ओलं फडकं फिरवलं. फळा वाळला. ‘‘पाणी कुठे गेलं?’’
कल्याणी उठली. ‘‘बठ्ठं पानी हवामा शे.’’
‘‘बरोबर.’’ बाईंनी तसंच लिहिलं: हवामा शे. खाली: हवेत आहे. वरचं खोडतील म्हणून मी वाट बघत राहिले. खोडलं नाही.

मंगळ. ९
वडिलांनी, आबांनी, दुसरीपर्यंत मला पिंप्राळ्यात घरीच शिकवलं. तोंडून अहिराणी ‘शे’ गेलं की म्हणायचे, ‘वाक्य पहिल्यापासून.’ अजूनही बोलण्याआधी वाक्य मनात म्हणून बघते. कंडक्टरकडे तिकीट मागतानासुद्धा.
मधल्या सुट्टीत बाईंना विचारलं, चूक ठेवायची कशी?
‘‘चूक कुठंय? ते तिच्या घरचं आहे. खोडलं की पोर हात खाली घेते. मग शिकवशील कोणाला, फळ्याला?’’ आणि ठेचा माझ्या डब्यात वाढला.

शुक्र. १२
सराव पाठ घेतला. कल्याणीने ‘शे’ म्हटलं आणि माझ्या तोंडून गेलंच, ‘‘आहे म्हण.’’
‘‘आहे,’’ म्हणाली. बसली. नंतर तासभर एकही हात वर नाही. मीच प्रश्न, मीच उत्तर.
बाई म्हणाल्या, ‘‘आवाज चांगला आहे तुझा. पण एकटीचाच होता.’’
सरांनी मात्र फोनवर बजावलंय, भाषाशुद्धीचे गुण जातात.
गेले तर…

बुध. १७
सर मागच्या बाकावर. पाठ: वनस्पतीचे भाग. विचारलं, मूळ कुठे असतं? एकही हात नाही. कल्याणी खिडकीकडे बघत होती.
मग मीच म्हटलं, ‘‘मूळ कोठे शे?’’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने. कसंतरीच आलं. वर्ग हसला.
कल्याणी वळली. ‘‘अस्सं नही बाई. शे. नीट म्हना.’’
नीट म्हटलं. तिनेच उत्तर दिलं, ‘‘जमीनमा शे.’’ मग हातच हात.
फळ्यावर लिहिलं: जमीनमा शे. खाली: जमिनीत आहे.
सर: ‘‘वरचं पुसा.’’
‘‘मुलं उतरवून घेताहेत, सर.’’
‘‘पुसा.’’
‘‘नाही, सर.’’
फडकं उचललं नाही.
हा पाठ सर धरणार नाहीत. पुढच्या बुधवारी पुन्हा, ‘‘शुद्ध भाषेत. शेवटची संधी.’’
चौ. बाईंनी त्यांना चहा दिला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, ‘‘साखर बराबर शे ना, सर?’’

गुरु. १८
आबांना फोनवर सगळं सांगितलं. लपवणं जमत नाही. खूप चिडले. सर सांगतात तसं कर, वर्ष घालवशील. मी म्हटलं, पुसणार नाही.
‘‘पोरी, तुले काही अक्कल शे का नही?’’
‘‘आबा,’’ मी म्हटलं, ‘‘वाक्य पहिल्यापासून.’’
त्यांनी फोन ठेवला. पुन्हा केला नाही. मीही नाही.
बुधवारी कल्याणीला पहिल्या बाकावर बसवणार. सरांचा बाक मागेच राहू दे.