डिटेक्टिव्ह हाल्या आणि संशयित नवशीआत्या

गंजाड, ४ मे २०२५

ति. दक्षाताईस, उमेशचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. माझा मोबाइल सध्या शूटिंगला आहे, घरात सगळेच तो उघडून बघतात, आणि बातमी घरातलीच आहे.

आपल्या पाड्याचा डिटेक्टिव्ह सिनेमा जोरात चाललाय, अगदी जुन्या ब्लॅक-अँड-व्हाइट इंग्रजी सिनेमांसारखा. भर उन्हात रेनकोट घालून हिंडणारा, कुणावरच विश्वास नसलेला डिटेक्टिव्ह म्हणजे टेम्पोवाला हाल्या. त्याला गोड बोलून फसवणारी बाई म्हणजे आपली नवशीआत्या! कुडाच्या भिंतीतून ऊन आलं की दोघांच्या तोंडावर काळे-पांढरे पट्टे पडतात. धुराला चूल आहेच. पावसासाठी विहिरीच्या मोटारीचा पाइप वर धरला, तर हाल्या म्हणाला, नवशीवर जरा कमी उडव, तिला सर्दी होते.

काल शेवटचा सीन होता. डिटेक्टिव्हने मन घट्ट करून बाईला पोलिसांच्या हवाली करायचं. हाल्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, की हिला मी पोलिसांत देणार नाही; ही हो म्हणाली तर घरी नेईन. आत्याने विचारलं, की हे सिनेमातलं की तुझं. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, माझं. आत्या तडक निघून गेली. तेव्हापासून कुणाशी बोलत नाही.

माझा सिनेमा बुडाला, ताई! तिला समजाव आणि एका रीटेकला उभी कर.

माझ्यावरची माया कमी करू नकोस.
उमेश

तलासरी, ७ मे

चि. उमेशला अनेक आशीर्वाद.

वेड्या, नवरा गेल्यावर आत्या आपल्याकडे आली, तेव्हा तुला चड्डीही सांभाळता येत नव्हती. इतक्या वर्षांत तिला काय हवंय, हे आपल्यापैकी कुणी विचारलं? आणि तू रीटेक मागतोस! डिटेक्टिव्ह सिनेमाचा डायरेक्टर तू, हाल्याभाऊचा टेम्पो रोज आपल्याच दारावरून का वळतो, हे तुला दिसलं नाही?

मी काही समजावणार नाही. तूच तिच्याजवळ बस आणि विचार.

रागावले तरी जीव तुझ्यातच आहे.
तुझी ताई

गंजाड, १५ मे

चि. दक्षास, आत्याचे आशीर्वाद.

उमेश माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, आत्या, तुला काय हवंय? मला रडूच फुटलं. खरं सांगू, हाल्या मला आवडतो. काळजी तुझ्या बाबांची होती, मी गेल्यावर दादाला भाकरी कोण करून घालणार. तर दादा म्हणाला, मी काय तान्हं बाळ आहे? आणि लगेच चुलीपाशी बसला. भाकरी पार करपली. स्वतः खाल्ली, मलाही खायला लावली. मग मी हाल्याला होकार कळवला.

उमेशने सिनेमाला नवा शेवट लिहिला. मी हाल्याला गोळी घालायची आणि मागे न बघता चालू लागायचं. खेळण्यातलं पिस्तूल वाजलं, तसा हाल्या असा काही धाडकन कोसळला, की मी सिनेमा विसरलेच. पिस्तूल टाकून धावले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, लागलं का विचारलं. मेलेला माणूस हळूच म्हणाला, नाही लागलं, पण लगेच उठवू नकोस.

उमेश कपाळाला हात लावून बसला होता. पण दुसऱ्या हातातला मोबाइल त्याने बंद केला नव्हता.

लग्नाला चार दिवस आधीच ये, पाहुणी म्हणून येऊ नकोस.
तुझी,
नवशीआत्या